‘होल्ड बॅक’ : रोखणे की राखणे?

इंग्रजीतल्या लांबलचक शब्दांची मला कधी फारशी भीती वाटली नाही. ‘डेप्रिसिएशन’ असो वा ‘रिकन्सिलिएशन’, शब्दकोश उघडला, अर्थ पाहिला, वहीत उतरवून घेतला की काम भागते. भीती वाटते ती चिमुकल्या शब्दांची. ‘गेट’, ‘पुट’, ‘होल्ड’, ‘ऑफ’, ‘अप’, ‘बॅक’ हे सारे चौथी-पाचवीत भेटलेले शब्द. त्यामुळे ते आपल्याला येतात अशी आपली खात्री असते आणि शब्दकोश उघडावा असे मनातही येत नाही. पण यांतले दोन शब्द एकमेकांचा हात धरून उभे राहिले की तिसराच अर्थ तयार होतो. इंग्रजी व्याकरणात अशा जोडीला ‘फ्रेझल व्हर्ब’ म्हणतात. आपण त्याला ‘जोड-क्रियापद’ म्हणू. अशाच एका जोड-क्रियापदाने आमच्या घरचे नऊ हजार रुपये कसे घालवले आणि मांडूच्या तलावाकाठी त्याचा अर्थ मला कसा उमगला, ते या लेखात सांगणार आहे.

प्रथम एक खुलासा करतो. मी इंग्रजीचा पंडित नव्हे. बी. कॉम. च्या शेवटच्या वर्षाचा साधा विद्यार्थी आहे. दहावीपर्यंत शिक्षण मराठी माध्यमात झाले. घरी मराठी, बाजारात कानडी, गल्लीत दोन्हींची मिसळ. इंग्रजीची गाठ पडली ती खरी कॉलेजात आल्यावर. माझ्यासारखे वाचक या अंकाच्या मराठी विभागात आणि शेजारच्या कन्नड विभागातही पुष्कळ असतील. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. प्राध्यापक मंडळींनी चुका पोटात घालाव्यात ही विनंती.

आता मूळ हकीकत. माझे वडील गिलाव्याची लहान कंत्राटे घेतात. मी पी. यू. सी. च्या दुसऱ्या वर्षाला असताना त्यांनी एका इमारतीचे काम पुरे केले. एक लाख ऐंशी हजारांचे बिल झाले. हाती आले ते एक लाख एकाहत्तर हजार आणि सोबत एक इंग्रजी पत्र. घरात इंग्रजी जाणणारा विद्वान मी एकटा. बाबांनी पत्र माझ्या हाती दिले. त्यात एक वाक्य असे होते : ‘फाइव्ह पर्सेंट ऑफ द बिल हॅज बीन हेल्ड बॅक टुवर्ड्स डिफेक्ट्स, इफ एनी.’ ‘फाइव्ह पर्सेंट’ मला येत होते, ‘डिफेक्ट’ येत होते, आणि ‘बॅक’ म्हणजे परत हे तर लहानपणापासून पाठ होते. ‘गिव्ह बॅक’ म्हणजे परत दे, ‘कम बॅक’ म्हणजे परत ये. मी क्षणाचाही विचार न करता सांगून टाकले, “बाबा, कामात दोष आहेत म्हणून त्यांनी पाच टक्के परत घेतलेत.”

पत्रात खाली बारा महिन्यांबद्दल एक लांब वाक्य होते. ते मी वाचले नाही. बाबांनी पत्राची घडी केली, कपाटात ठेवली आणि काही बोलले नाहीत. पाच-सहा महिन्यांनी, बेळगावचा पाऊस सुरू झाल्यावर, त्या इमारतीच्या पश्चिमेकडील भिंतीला ओल आली. तिकडून फोन आला. बाबांनी एवढेच सांगितले, “पैसे कापलेत ना? त्याच पैशात दुसरा गवंडी बघा.” त्यांनी तसेच केले. तो विषय तिथेच संपला असे आम्हां सर्वांना वाटले.

या वर्षी ऑगस्टमध्ये आमच्या वाणिज्य शाखेची अभ्यास-सहल पुण्यावरून इंदूरला गेली. धार जिल्ह्यातील पिथमपूरची औद्योगिक वसाहत पाहायची आणि जोडून धार, मांडू व देवास करायचे असा बेत होता. या भागात गेल्यावर आपण परक्या मुलखात आलो असे वाटत नाही. धार आणि देवास ही दोन्ही पवारांची मराठी संस्थाने. देवासला तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्या एकाच गावात होत्या. धारमध्ये रस्ता विचारण्यासाठी आम्ही एका दुकानाशी थांबलो, आपसांत मराठीत बोलू लागलो, तर आतून एका आजोबांनी विचारले, “कुठले तुम्ही?” बेळगाव म्हटल्यावर त्यांनी आम्हांला चहा पाजल्याशिवाय सोडले नाही.

धारच्या किल्ल्याशी आल्यावर सरांनी आम्हांला एक आठवण करून दिली. दुसऱ्या बाजीरावाचा जन्म १७७५ साली याच किल्ल्यात झाला. त्याची आई आनंदीबाई. आनंदीबाई म्हटले की मराठी माणसाला ‘ध चा मा’ आठवतोच. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. पुतण्याला ‘धरावे’ असा मूळ हुकूम होता, त्यातले एक अक्षर बदलून ‘मारावे’ केले गेले, अशी कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ती खरी की लोकांनी रचलेली हा वाद इतिहासकारांचा. पण त्या कथेतून आपल्या भाषेला एक वाक्प्रचार मिळाला आणि एक धडाही मिळाला : लहानशा अक्षराने अर्थ पार उलटा होतो. सर हसत म्हणाले, “अकाउंट्समध्ये तुम्ही डेबिटचे क्रेडिट करता, तोही ध चा मा च!” आम्ही सारे हसलो. माझ्या कपाळी दुसऱ्याच दिवशी माझा स्वतःचा ध चा मा लिहिलेला आहे याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

धारपासून मांडू सुमारे ३५ किलोमीटर. रस्ता चढत जातो आणि एकाएकी डोंगराला भेग पडावी तशी खोल दरी समोर येते. हिला काकडा खोह म्हणतात. या दरीने मांडूचे पठार माळव्याच्या पठारापासून तोडले आहे. पठाराची उंची समुद्रसपाटीपासून ६०० मीटरांहून अधिक. दक्षिणेकडे कडा सरळ खाली निमाडच्या सखल प्रदेशात उतरतो. भोवती सुमारे ४० किलोमीटरचा कोट आणि त्याला दरवाजे. पंधराव्या शतकात होशंगशाहाने माळव्याची राजधानी धारहून येथे आणली. शहराला ‘शादियाबाद’, म्हणजे आनंदनगरी, असे नाव मिळाले.

शत्रूला अडवायला ही जागा उत्तम. पण राजधानी म्हणजे नुसते सैन्य नव्हे. माणसे, घोडे, हत्ती, बागा, हमामखाने, या साऱ्यांना पाणी हवे. पठारावर मोठी नदी नाही. रूपमतीच्या मंडपावर उभे राहिले की निरभ्र दिवशी दूर खाली नर्मदेची रेघ दिसते. पण दिसणाऱ्या नदीने तहान भागत नाही. ती शेकडो मीटर खाली, कित्येक मैल दूर. मांडूला मिळणारे पाणी म्हणजे पावसाळ्याच्या तीन-चार महिन्यांत आभाळातून पडणारे. आणि तेही उताराच्या कातळावरून कड्याकडे धावणारे.

म्हणून त्या लोकांनी धावणारे पाणी धरले. जहाज महाल सर्वांनी चित्रात पाहिलेला असतो. सुमारे १२० मीटर लांब आणि जेमतेम १५ मीटर रुंद अशी ही दुमजली इमारत सुलतान घियासुद्दीन खिलजीच्या काळातली मानतात. तिच्या एका बाजूला मुंज तलाव, दुसऱ्या बाजूला कपूर तलाव. दोन्ही भरले की मधला महाल पाण्यात उभ्या असलेल्या जहाजासारखा दिसतो. ऑगस्टमध्ये आम्ही तो तसाच पाहिला. गच्चीवर दगडात कोरलेली नागमोडी, गोल गोल वळणारी पन्हळ आहे. पाणी तीतून सरळ न धावता वळसे घेत जाते, त्यामुळे वेग मंदावतो आणि गाळ खाली बसतो. राजवाड्यात चंपा बावडी आहे, तिच्याभोवती जमिनीखाली थंडगार तळघरे आहेत. एक उजाली बावडी आणि एक अंधेरी बावडी आहे. रूपमतीच्या मंडपाच्या पोटातही छपरावरचे पाणी साठवणारे टाके आहे. इतकेच काय, मांडूची प्रसिद्ध झाडेही हाच उद्योग करतात. तिथे ज्याला ‘खुरासानी इमली’ किंवा ‘मांडू की इमली’ म्हणतात ते झाड म्हणजे आपली गोरखचिंच. मूळचे आफ्रिकेतले. त्याचा ढोलासारखा फुगलेला बुंधा पावसाचे पाणी आपल्या अंगात साठवून ठेवतो आणि कोरड्या दिवसांत वापरतो.

तर अशा त्या कपूर तलावाच्या काठी एक वयस्क वाटाड्या परदेशी प्रवाशांना इंग्रजीतून माहिती देत होता. हात पसरून तो म्हणाला, “दे हेल्ड बॅक द रेन, सर. दॅट इज हाऊ दे लिव्ड.” आमच्या इंग्रजीच्या मॅडम सहलीला होत्या. त्या आमच्याकडे वळून म्हणाल्या, “सांगा बरे, ‘हेल्ड बॅक द रेन’ म्हणजे काय?” मी पुढेच उभा होतो. सवयीने बोलून गेलो, “पाऊस परत पाठवला.” सगळे हसले. मॅडम मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, “परत पाठवला असता तर हा तलाव कशाने भरला? ‘बॅक’ म्हणजे इथे परत नव्हे, मागे. पाणी पुढे निघाले होते, त्याला मागे धरले. घालवले नाही, नंतरसाठी ठेवले.”

“घालवले नाही, नंतरसाठी ठेवले.” हे शब्द कानी पडले आणि मला एकदम कपाटातले ते पत्र आठवले. ‘हॅज बीन हेल्ड बॅक.’ जहाज महालासमोर उभा असूनही पुढचा अर्धा तास मला काही दिसले नाही.

परत आल्यावर मी या एका क्रियापदाचा जमेल तेवढा अभ्यास केला. तो इथे मांडतो.

‘होल्ड’ म्हणजे धरणे. ‘बॅक’चा पहिला अर्थ पाठ, त्यावरून मागे, आणि मागे जाणे म्हणजे निघालो तिथे पोचणे, म्हणून परत. ‘पे बॅक’, ‘गिव्ह बॅक’, ‘टेक बॅक’ यांत तिसरा अर्थ आहे. कारण देणे-घेणे ही ये-जा करणारी क्रिया आहे. ‘होल्ड’ मध्ये ये-जा नाही, धरलेली वस्तू जागीच राहते. म्हणून ‘होल्ड बॅक’, ‘कीप बॅक’, ‘स्टँड बॅक’ यांत ‘बॅक’चा अर्थ मागे. हा भेद ध्यानात ठेवला की निम्मी अडचण संपते.

आता उपयोग पाहू.

(१) पुढे जाऊ पाहणाऱ्या वस्तूला किंवा माणसाला अडवणे. ‘द डॅम होल्ड्स बॅक द वॉटर.’ ‘द पोलीस हेल्ड बॅक द क्राउड.’ मराठीत अडवणे, थोपवणे, रोखणे. गंमत अशी की आपला ‘धरण’ हा शब्दही ‘धरणे’ या क्रियापदाचाच भाऊबंद आहे. राकसकोपचे पाणी आपण रोज पितो आणि हिडकलचे धरण सहलीत पाहतो, पण धरण म्हणजे पाणी ‘धरणारे’, हे माझ्या तरी कधी लक्षात आले नव्हते.

(२) मनातली भावना बाहेर पडू न देणे. ‘शी हेल्ड बॅक हर टिअर्स.’ इथे ‘तिने अश्रू अडवले’ म्हटले तर वाहतूक पोलिसाची आठवण येते. मराठी माणूस अश्रू आवरतो, हसू दाबतो, राग गिळतो, हुंदका रोखतो आणि जीभही आवरतो. इंग्रजीला एका क्रियापदात जे भागते त्याला आपण प्रत्येक भावनेगणिक निराळे क्रियापद ठेवले आहे.

(३) माहिती पूर्ण न सांगणे. ‘ही इज होल्डिंग समथिंग बॅक.’ याला मराठीत सुंदर प्रयोग आहे : ‘तो हातचे राखून बोलतो आहे.’ बेरजेत हातचा राखतात तसा बोलण्यातही राखतात.

(४) करावे की न करावे म्हणून थबकणे. ‘डोंट होल्ड बॅक, आस्क युवर क्वेश्चन.’ म्हणजे कचरू नकोस, मागेपुढे पाहू नकोस. पैशाची गोष्ट असेल तर ‘हात आखडता घेऊ नकोस’. या प्रयोगात क्रियापदाला कर्म नसते, माणूस स्वतःच स्वतःला धरतो. पुढे क्रिया सांगायची असल्यास ‘फ्रॉम’ येते : ‘ही हेल्ड बॅक फ्रॉम स्पीकिंग.’

(५) प्रगतीच्या आड येणे. ‘पुअर हेल्थ हेल्ड हिम बॅक.’ इथे मराठीत कर्ता फिरवला तर वाक्य अधिक सहज होते : ‘प्रकृतीमुळे तो मागे पडला.’

(६) देय रक्कम किंवा निकाल काही काळ न देता ठेवणे. परीक्षेची फी भरली नाही की निकालाच्या यादीत आपल्या नंबरासमोर काय लिहून येते? ‘निकाल राखून ठेवला आहे.’ कन्नड यादीत असते ‘तडेहिडियलागिदे’. निकाल राखून ठेवला म्हणजे नापास केले, असे आपण समजत नाही. धावत ऑफिसात जातो, अट पुरी करतो आणि निकाल घेऊन येतो. बाबांच्या पाच टक्क्यांचा अर्थ नेमका हा होता.

कन्नडचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. ‘होल्ड बॅक’ला सर्वांत जवळचा शब्द मला मराठीत नव्हे, कन्नडमध्ये सापडला. ‘तडे’ म्हणजे अडवणे, ‘हिडि’ म्हणजे धरणे. दोन्ही मिळून ‘तडेहिडि’. इंग्रजीसारखीच दोन शब्दांची जोडी! कोर्टाच्या स्थगितीला ‘तडेयाज्ञे’ म्हणतात त्यातही तोच ‘तडे’ आहे. कचरण्याला मात्र कन्नड ‘हिंजरि’ म्हणते, तिथे ‘तडेहिडि’ चालत नाही. म्हणजे इंग्रजीने एका पिशवीत कोंबलेले अर्थ कन्नडने दोन-तीन पिशव्यांत आणि मराठीने सात-आठ पिशव्यांत भरले आहेत. दोन भाषा येणाऱ्या आम्हां सीमाभागातल्या मुलांना हा एक फायदाच म्हणायचा. एका भाषेत इंग्रजी शब्द बसला नाही तर दुसरीत बसवून पाहावा.

व्याकरणाचा एक नियमही सांगून टाकतो. कर्म नाम असेल तर ते दोहोंपैकी कुठेही बसते : ‘होल्ड बॅक द मनी’ किंवा ‘होल्ड द मनी बॅक’. पण कर्म सर्वनाम असेल तर ते मध्येच हवे : ‘होल्ड इट बॅक’. ‘होल्ड बॅक इट’ हे चूक. शिवाय ‘होल्ड’ची इतर भावंडे वेगळी ओळखावीत. ‘होल्ड अप’ म्हणजे खोळंबा करणे, आणि प्रसंगी वाटमारीसुद्धा! ‘होल्ड ऑफ’ म्हणजे लांबणीवर टाकणे किंवा दूर ठेवणे. ‘होल्ड आउट’ म्हणजे तग धरणे. ‘होल्ड ऑन’ म्हणजे जरा थांबा, किंवा घट्ट धरून राहा. ‘विदहोल्ड’ हा मात्र ‘होल्ड बॅक’चा थोरला भाऊ. त्यातला ‘विद’ म्हणजे ‘सह’ नव्हे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ ‘विरुद्ध’ असा होता. अर्थ तोच, पोशाख तेवढा कचेरीतला.

हे सारे लिहून झाल्यावर माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. ‘होल्ड बॅक’च्या सगळ्या मराठी अर्थांचे शेवटी दोनच गट पडतात. एक रोखण्याचा, दुसरा राखण्याचा. रोखणे आणि राखणे. लिहिताना फरक एका मात्रेचा. रोखताना आपण वस्तूच्या विरुद्ध उभे असतो. राखताना आपण तिच्या बाजूने असतो, उद्यासाठी तिला जपत असतो. वाक्य वाचताना विचारायचे ते एवढेच : धरलेली वस्तू पुढे कधी सोडायची आहे का? सोडायची असेल तर राखणे, नसेल तर रोखणे. आणि मांडूच्या पाण्यासारखी काही उदाहरणे अशी असतात की रोखल्याशिवाय राखता येत नाही.

याचे मोठे उदाहरण मला परतीच्या वाटेवर देवासला भेटले. कुमार गंधर्वांचे नाव कोणाला ठाऊक नाही? ते मूळचे आपल्याच बेळगाव जिल्ह्यातले, सुळेभावीचे. जन्म १९२४. मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकले, लहान वयातच नाव झाले आणि ऐन उमेदीत क्षयाने गाठले. १९४८ च्या जानेवारीत कोरड्या हवेसाठी ते देवासला आले. डॉक्टरांनी गाणे बंद केले. पुढची काही वर्षे हा गवई अंथरुणावर पडून होता. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध मिळाले, पत्नी भानुमतींची शुश्रूषा होती, आणि १९५३ च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत गाऊ लागले. एक फुफ्फुस जवळजवळ निकामी झाले होते, पण गायकी नवी झाली होती. अंथरुणावर असताना माळव्यातल्या बायकांची, वाटसरूंची गाणी त्यांच्या कानांवर पडत होती. त्या लोकधुनांतून त्यांनी पुढे नवे राग बांधले. १९९२ मध्ये ते देवासलाच गेले.

आता इंग्रजीत म्हणा, ‘इलनेस हेल्ड हिम बॅक.’ आजाराने त्यांना रोखले. आणि म्हणा, ‘ही हेल्ड बॅक हिज व्हॉइस.’ त्यांनी आवाज राखला. क्रियापद एकच, वर्षे तीच, माणूस तोच. कर्ता बदलला आणि रोखण्याचे राखणे झाले. देवासच्या टेकडीखालून आमची बस जात असताना मी मनात हीच दोन वाक्ये घोळवत होतो.

आता थोडे वाणिज्याचे, कारण इथेच माझी खरी शरम आहे. कॉस्टिंगच्या पेपरात आपण कंत्राट खात्याची उदाहरणे सोडवतो. ‘वर्क सर्टिफाइड’ अमुक इतके, त्याच्या ८० टक्के रोख मिळाले. उरलेल्या २० टक्क्यांना काय म्हणतात? ‘रिटेन्शन मनी’. ही रक्कम कंत्राटदाराचीच असते. काम करारानुसार झाले, ठरलेल्या मुदतीत दोष निघाले नाहीत, किंवा निघाले ते त्याने दुरुस्त करून दिले, म्हणजे ती त्याला मिळते. म्हणून कंत्राटदाराच्या ताळेबंदात ती येणे म्हणून मालमत्तेच्या बाजूला दिसते. ती दंड नव्हे, खर्चही नव्हे. बिलातून टी. डी. एस. कापला जातो तोही असाच गैरसमजाचा विषय. ती रक्कम आपल्या नावावर सरकारात भरली जाते आणि विवरणपत्र भरताना आपल्या करात वळती होते. दोन्हींत तिजोरी वेगळी, पण पैसा आपल्या नावाचा. ही गणिते मी पानेच्या पाने सोडवली आणि पैकीच्या पैकी गुण मिळवले. परंतु ‘रिटेन्शन’ म्हणजेच ‘हेल्ड बॅक’, आणि त्या उदाहरणातला ‘कॉन्ट्रॅक्टर’ म्हणजे आमचे बाबा, हे मात्र मला मांडूला जाईपर्यंत उमगले नाही.

घरी आल्यावर कपाटातले पत्र काढले. दोषमुक्तीची मुदत बारा महिने, त्या काळात निघालेले दोष कंत्राटदाराने दुरुस्त करावेत, न केल्यास राखून ठेवलेल्या रकमेतून करून घेण्यात येतील, अन्यथा मुदतीअखेर रक्कम देण्यात येईल. सगळे स्वच्छ लिहिलेले होते. त्यांची काडीची चूक नव्हती. एक ओलीची भिंत, बाबांचे एका दिवसाचे काम. तेवढे केले असते तर नऊ हजार हाती आले असते आणि त्या मालकाचे पुढचे कामही मिळाले असते.

जेवणे झाल्यावर मी बाबांना सगळे सांगितले. पत्र वाचून दाखवले, या वेळी शेवटपर्यंत. “चूक माझी होती बाबा,” म्हणालो. ते बराच वेळ पत्राकडे पाहत राहिले. मग विचारले, “म्हणजे काम वाईट झालंय असं त्यांनी लिहिलं नव्हतं?”

“नाही बाबा. ‘दोष असल्यास’ असं लिहिलंय. असल्यास.”

“मग झालं तर,” ते म्हणाले. “पैसे गेले ते गेले. मला तीन वर्षं वाटत होतं, माझा गिलावा त्यांना पसंत पडला नाही.”

मला रडू आले. ते मी आवरले. ‘आय हेल्ड इट बॅक.’ सर्वनाम मध्येच घातले आहे, वाचकांनी नोंद घ्यावी.

तीन वर्षे हा माणूस स्वतःच्या हातांवर शंका घेत होता आणि मला एका शब्दाने बोलला नव्हता. नऊ हजारांचा हिशेब वहीत बसतो, याचा हिशेब कुठल्या खात्यात मांडायचा ते मला ठाऊक नाही.

मित्रहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी इंग्रजी वाचणारे पहिले माणूस आपणच असू. बँकेचे पत्र, विम्याचा कागद, इस्पितळाचा रिपोर्ट, कराराचा मसुदा घरचे लोक आपल्या हाती देतात आणि आपण सांगू तो अर्थ खरा धरून चालतात. आपल्याला लाज वाटते ती ‘मला कळले नाही’ असे म्हणण्याची. ती लाज सोडावी. न कळलेल्या शब्दापाशी थांबावे, कागद शेवटपर्यंत वाचावा, ‘इफ एनी’सारखे शेपटीतले शब्द गाळू नयेत, आणि शंका राहिली तर सरांना, मॅडमना विचारावे. तोवर अर्थ सांगण्याची घाई करू नये. या एका बाबतीत ‘होल्ड बॅक’ करण्यात कमीपणा नाही.

आणि विचारायच्या वेळी मात्र ‘डोंट होल्ड बॅक’. कचरू नका.